पदराची चौथी चुणी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी विनिता तळवडेकर उठल्यापासून घराच्या हात धुऊन मागे लागायची. खुर्च्या पुसून व्हायच्या, सोफ्याच्या खोळी बदलून व्हायच्या, आणि तरी काहीतरी राहिलंय असं वाटून ती पंखा पुसायला स्टुलावर चढायची. एरवी या घराची बेल वाजायची ती कुरियरवाल्यामुळे, नाहीतर कुणी मजला चुकल्यामुळे. डोंबिवली पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर एकटीने राहायची मला सवय आहे, असं ती विचारणाऱ्या सगळ्यांना सांगत असे. विचारणारे फारसे नव्हते ही गोष्ट वेगळी.

या रविवारी मात्र तिने काहीच पुसलं नाही. आंबोळ्यांचं पीठसुद्धा आंबवायचं राहून गेलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसून कपाटाकडे बघत होती. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत, जुन्या साडीत गुंडाळलेला एक जाड पुठ्ठा उभा होता. गुरुवारी तो तिथे आला आणि गुरुवारपासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

चित्रकथांचा नाद तिला तसा उशिरा लागला. शाळेतून चित्रकलेच्या बाई म्हणून निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठला, तेव्हा एका रद्दीवाल्याकडे तिला ‘प्रीतझुल्या’चे जुने अंक दिसले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका छापखान्यातून निघणारं हे मासिक. आत चौकटीचौकटींतून उलगडणारी प्रेमकथा आणि वर झगझगीत रंगीत मुखपृष्ठ. बायका ती पुस्तकं उशीखाली ठेवत, पुरुष ती बायकांची म्हणून नावं ठेवत आणि दुपारी गुपचूप वाचत. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती. एकदा नाव झालं की चित्रकार शेफारतो, असं मालकाचं मत होतं म्हणे.

त्यामुळे कुठलं चित्र कुणाचं हे ओळखणं हा एक खेळच होता, आणि त्या खेळात विनिताचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुण्याहून, बेळगावहून, एक तर पार नागपूरहून, तिच्यासारखेच नादी लोक फोनवर फोटो पाठवायचे, ‘बाई, हा कोण?’ ही कानाच्या पाळीवरून सांगायची, ढगांवरून सांगायची. ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती त्यांना तिने आपली नावं दिली होती. एक ‘ढगवाले’, एक ‘ओल्या केसांचे’. दिवसातून चार वेळा ती या न पाहिलेल्या माणसांचा विचार करायची. पाहिलेल्या माणसांचा करून काही उपयोग नव्हता.

आणि मग दोन वर्षांपूर्वी तिला आप्पा सापडले होते.

आप्पा, म्हणजे तिचे वडील धाकू तळवडेकर, त्याच छापखान्यात नोकरीला होते. काय करता असं विचारलं की ‘रंगकाम’ एवढंच म्हणायचे. मुलांना वाटायचं, भिंती रंगवत असतील. पण लहानपणी विनिताला फरशीवर खडूने चित्र काढायला त्यांनीच शिकवलं. बाईचा पदर काढताना म्हणायचे, ‘तीन चुण्या सरळ सोड, चौथी उलटी वळव. म्हणजे पदर वाऱ्यावर उडतो, नाहीतर नुसता टांगलेला राहतो.’ असा पदर तिने दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता. आणि दोन वर्षांपूर्वी, रद्दीतून आणलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर, झोपाळ्याला टेकून उभ्या असलेल्या एका मुलीच्या खांद्यावरून तोच पदर उडत होता. चौथी चुणी उलटी.

ही गोष्ट सांगायची कुणाला? आई केव्हाच गेलेली. धाकटी मंदाकिनी कल्याणला, आपल्या संसारात. राहिला दादा, सीताराम. आणि दादाशी तर आप्पांच्या तेराव्यापासून बोलणं बंद होतं. आप्पा अंथरुणाला खिळून होते तेव्हा विनिताने एकटीने त्यांचं सगळं केलं. दादा ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर. कधी ड्युटी, कधी संप, कधी सासुरवाडीचं लग्न. तेराव्याला तो आला, पाटावर बसून सगळं रीतसर केलं, आणि पान वाढल्यावर ‘भाजी अळणी आहे’ म्हणाला. तेवढं निमित्त पुरलं. विनिता चार माणसांत म्हणाली, ‘पुन्हा या घराची पायरी चढू नकोस.’ तळवडेकर जात्याच हट्टी. तो चढला नाही, हिने बोलावलं नाही, आणि वर्षं निघून गेली.

तरी त्या दिवशी तिने त्याला त्या मुखपृष्ठाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘आप्पांचं आहे.’ पुढच्या रविवारी दादा दारात उभा होता. माफी नाही, कसं काय नाही. ‘बघू,’ म्हणाला, आणि चष्मा पुसत पुसत चित्रासमोर बसून राहिला. जाताना त्याचे डोळे लाल झालेले तिने पाहिले. मग तसे आणखी अंक सापडत गेले आणि महिन्याचा शेवटचा रविवार ठरून गेला. मंदा येऊ लागली, दादाचा बंटी येऊ लागला. घरात चपला मावेनाशा झाल्या. पोरकेपण साठीनंतरही जातं, असं विनिताला वाटायला लागलं होतं.

आणि गुरुवारी लॉईड आला.

लॉईड ठाण्याचा. त्याचे आजोबा लिनो चित्रकार होते, सिनेमाची पोस्टरं करायचे, एवढं विनिताला माहीत होतं. बंटीने आप्पांच्या चित्रांचं प्रदर्शन ठाण्याला भरवायचा घाट घातल्यावर, बातमी ऐकून हा शोधत आला होता. काखेत पुठ्ठा, चेहऱ्यावर संकोच.

‘आँटी, ग्रँडपाच्या ट्रंकमध्ये होता. डँप लागलाय, म्हणून कलर निघालाय. मला वाटतं, हे तुमच्याकडच्या त्या झोपाळ्याच्या कव्हरचं ओरिजिनल आहे. मला चित्रातलं काय कळत नाय. तुम्हीच बघा आणि सांगा. तुम्ही जे सांगाल ते मम्मीला सांगतो.’

‘मम्मी आहेत अजून?’

‘आहे ना. व्हिक्टोरिया. ऐंशीला टेकली. ती बोलते, डॅडीचं नाव एकदा तरी कुठं छापून येऊ दे, मग मी सुखाने जाईन.’ तो हसला. ‘जायचं बियचं काय नाय, तब्येत ठणठणीत आहे. पण बोलते तशी.’

तो गेल्यावर विनिताने पुठ्ठा खिडकीशी धरला आणि मग ती सगळे जुने अंक काढून भिंग घेऊन बसली.

*

मंदा सगळ्यांच्या आधी आली. कल्याणहून येताना नारळाच्या वड्या आणल्या होत्या, आणि त्या ओट्यावर ठेवायच्या आधीच तिने विचारलं, ‘बंटी आलाय? नाही ना? त्याच्या टिटवाळ्याच्या फ्लॅटचं न्हाणीघर अजून गळतंय, सांग त्याला.’

बंटी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगांतले फ्लॅट विकायचा. नाव बंटी असलं तरी चाळिशी आली होती आणि डोक्यावरचं रान विरळ झालं होतं. मंदाला त्यानेच एक फ्लॅट घेऊन दिला होता आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. रविवारी एकाच सोफ्यावर बसायचे, पण बोलायचे विनितामार्फत.

तो आला तो काखेत कापडाची गुंडाळी घेऊन. मागून दादा. लिफ्ट नव्हती, त्यामुळे दादा प्रत्येक जिन्याच्या वळणावर थांबायचा आणि थांबलाय हे दिसू नये म्हणून भिंतीवरच्या पाट्या वाचायचा.

‘आत्या, धर हे टोक,’ बंटी म्हणाला. ‘फ्लेक्स नाय बरं का. कापडावर छापलंय. आप्पाआजोबांचं काम आहे, उगाच चीप नको.’

गुंडाळी उलगडली. ‘प्रीतझुल्याचे चित्रकार कै. धाकू तळवडेकर’. बाजूला आप्पांचा रेशनकार्डावरून मोठा केलेला फोटो, बिचारे घाबरल्यासारखे बघणारे. मंदाने पदर तोंडाला लावला.

‘येत्या शनिवारी हॉल मिळालाय,’ बंटी सांगू लागला. ‘कॅटलॉग उद्या प्रेसला जातोय. फक्त आत्याचं ते पहिलं पान बाकी आहे, की हे सगळे कव्हर आप्पाआजोबांचेच म्हणून. तू लिहिलंस की विषयच संपला. सगळे कलेक्टर लोक तुझंच मानतात.’

‘आप्पांना बघायला मिळायला हवं होतं गं,’ मंदा म्हणाली. ‘आणि आपण सगळे असे एकत्र. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.’

 दादा त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसून गुडघा चोळत होता.

विनिताला वाटलं, आजचा दिवस जाऊ द्यावा. चहा करावा, वड्या खाव्यात, हसावं. पुठ्ठा लॉईडला परत द्यावा आणि सांगावं, रंग फार गेलाय, काही कळत नाही. कोण पडताळणार होतं? या सगळ्या महाराष्ट्रात हे सांगू शकणारी ती एकटीच होती. तिने एवढं एक खोटं बोलावं आणि मरेपर्यंत घर भरलेलं राहावं, एवढा सोपा हिशेब होता. तिला ते घर हवं होतं.

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि पुठ्ठा घेऊन आली.

‘हे आधी बघा,’ ती म्हणाली.

तिने पुठ्ठ्यावरची साडी सोडली. झोपाळ्याशी उभी असलेली तीच मुलगी, तोच निळा पदर, शेजारी तोच तरुण. पण पदराचा वरचा रंग ओलीने पापुद्र्यासारखा सुटला होता आणि त्याखालून बोटं दिसत होती. दोघांचे हात एकमेकांत गुंफलेले. इतके सुंदर काढलेले हात विनिताने ‘प्रीतझुल्या’च्या एकाही अंकावर पाहिले नव्हते.

‘म्हणजे काय? मला नाय समजलं,’ बंटी म्हणाला.

‘हे चित्र लिनोंचं आहे. लॉईडच्या आजोबांचं. त्यांनी हातात हात काढले होते. छापायच्या आधी कुणीतरी वरून पदर रंगवून ते झाकले.’

‘कुणी?’

‘आप्पांनी. पदर आप्पांचाच आहे. त्यात माझी चूक नाही झाली.’

‘आणि बाकी?’

‘बाकी सगळं लिनोंचं. चेहरा, केस, झोपाळा, झाड.’

बंटीने कापडाच्या बॅनरकडे बघितलं, मग तिच्याकडे. ‘एक चित्र असेल तसं. बाकीच्यांचं काय?’

‘गुरुवारपासून सगळे अंक भिंगाखाली घालून बसलेय. प्रत्येकावर पदराची कड बाकीच्या रंगावर चढलीय. एकदा कळल्यावर छापलेल्यातही दिसतं. मला हे आधीच दिसायला हवं होतं, बंटी. मी बघितलंच नाही. आप्पांचा पदर दिसला आणि मी सगळं चित्र त्यांच्या नावावर करून मोकळी झाले.’

‘असं नसेल गं,’ मंदा घाईने म्हणाली. ‘आप्पांनीच काढले असतील हात, मग आवडले नसतील, म्हणून झाकले असतील.’

‘आप्पांना हात काढता येत नव्हते, मंदे.’

 लहानपणी फरशीवर चित्र काढता काढता विनिता हट्ट करायची, आप्पा, आता हात शिकवा. आप्पा म्हणायचे, हात झाकून ठेव, हात अवघड असतात. तिनेही मग झाकले. नोकरीभर शाळेतल्या मुलींना तेच शिकवलं. त्यांच्या चित्रांतल्या सगळ्या बायका हात पदराआड घेऊन उभ्या असायच्या आणि परीक्षक कौतुक करायचे, काय सुंदर पदर आहे म्हणून. माणूस जन्मभर एकच गोष्ट करत होता, ती त्याने प्रेमाने मुलीला दिली, आणि ती गोष्ट काय होती हे तिला या वयात कळावं.

 मग बंटीतला दलाल जागा झाला.

‘ओके. टेन्शन नको. आपण अ‍ॅडजस्ट करू. कॅटलॉगमध्ये शेवटी लिहू, ‘विशेष आभार : कै. लिनो’. लॉईडला दोन पास देऊ. त्याची मम्मी पण खूश.’

‘विशेष आभार? चित्रं त्यांची आहेत रे.’

‘आत्या, बॅनर छापून झालाय. पाहुणे बोलावलेत. आता मी काय सांगू लोकांना, की आमचे आजोबा दुसऱ्याच्या चित्रावर रंग फासत होते?’

‘फासत नव्हते,’ विनिता म्हणाली. 

‘मुळात सांगायचंच कशाला?’ मंदा आता उभी राहिली होती. ‘बंटी बरोबर बोलतोय. कोणाला कळणारे? तू नाही म्हणालीस तर हो म्हणणारं आहे कोण? पुठ्ठा देऊन टाक त्या पोराला.’

बंटी बरोबर बोलतोय, हे वाक्य मंदाच्या तोंडून निघेल असं सकाळी कुणी सांगितलं असतं तर विनिता हसली असती. न्हाणीघर आपलं गळतच होतं, पण आत्या-भाच्याचं सूत जमलं होतं.

‘व्हिक्टोरियाबाई वाट बघतायत,’ ती म्हणाली. ‘आपल्या आप्पांचं नाव छापून आल्यावर तुला जसं रडू आलं ना आत्ता, तसंच त्यांनाही यायचंय.’

‘त्या कोण लागतात तुझ्या? आम्ही लागतो!’ मंदाचा आवाज चढला. ‘तुला माणसं नकोच असतात, ताई. जरा कुठे बरं चाललं की तुला टोचतं. आप्पांच्या तेराव्याला तेच केलंस, आज तेच करतेयस. आणि मग एकटी बसून फोनवर आम्हाला ऐकवतेस, मला सवय आहे, मला सवय आहे.’

विनिताने दादाकडे बघितलं. खरं तर ती मघापासून त्याच्याच स्फोटाची वाट बघत होती. बाप त्याचा, राग त्याचा, पहिला अश्रू त्याचा. दादा पुठ्ठ्याकडे बघत गुडघा चोळत होता.

‘मी खोटं पान लिहिणार नाही,’ ती म्हणाली. ‘उद्या लॉईडला फोन करणारेय.’

मंदाने पिशवी उचलली. ‘बंटी, मला कल्याणला सोड. तुझी गाडी आहे ना?’

‘आहे ना, आत्या, चल.’ बंटीने बॅनर गुंडाळला, वाकडातिकडा. दारात तो थांबला. ‘बाबा, चला.’

‘तू हो पुढे,’ दादा म्हणाला. ‘माझा चहा व्हायचाय.’

*

चहा झाला. दादा कप घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसला. बाहेरच्या खोलीतल्या रिकाम्या सोफ्याकडे दोघांचीही पाठ होती.

‘तू पण बोल काय बोलायचं ते,’ विनिता म्हणाली. ‘सगळं आजच होऊन जाऊ दे.’

‘पुठ्ठा आण जरा.’

तिने आणला. दादाने तो मांडीवर घेतला आणि सुटलेल्या निळ्या पापुद्र्याला अगदी हलकं बोट लावलं.

‘हा निळा मी बघितलाय,’ तो म्हणाला. ‘आप्पा असंच मांडीवर घेऊन बसले होते. मी डबा घेऊन जायचो ना सुट्टीत, नौपाड्याला. तू नव्हतीस तेव्हा, निदान चालणारी तरी नव्हतीस. मालकाचं म्हणणं, हे पुस्तक घराघरांत जातं, लेकीसुना वाचतात, हातात हात दिसता कामा नये. लिनो ऐकायचा नाही. दर वेळी काढायचाच. मग आप्पांनी झाकायचे. तेच त्यांचं रंगकाम.’

विनिताने गाळणी ओट्यावर ठेवली आणि ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

‘एकदा लिनो तिथेच आला,’ दादा पुढे बोलत राहिला. ‘उंचापुरा, गोरा. मला वाटलं, आता धरतोय आप्पांची गचांडी. त्याने चित्र उचललं, बघितलं आणि म्हणाला, काय तळवडेकर, आज पण झाकलास? आप्पा म्हणाले, पोटासाठी, लिनो. मग दोघं आईच्या डब्यातली भाकरी वाटून खायला बसले. मी शाळेत सांगून ठेवलं होतं, माझे वडील चित्रकार आहेत. मला इतकी लाज वाटली विनू, की मी परत डबा घेऊन गेलो नाही. पोट दुखतं म्हणायचो.’

‘तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘पहिल्या रविवारपासून?’

‘तुझा फोटो आला तेव्हापासून.’

तिला आधी राग आला. दोन वर्षं हा इथे बसून मान डोलावत होता. ती भिंग घेऊन समजावून सांगायची, हे बघ आप्पांची रेषा, हा बघ आप्पांचा रंग, आणि हा म्हणायचा, वा.

‘आणि डोळे पुसायचास ते? ती नाटकं होती?’

‘ते खरं होतं.’

‘मग सांगितलं का नाहीस? मी सगळ्यांना लिहून कळवलं, दादा. पुण्याला, नागपूरला. माझा शब्द मानतात लोक. मला तोंडावर पाडलंस तू.’

‘पाडलं,’ तो कबूल झाला. ‘पण तू लिहिलं होतंस, आप्पांचं आहे. पुढे मागे काही नाही. मला वाटलं, बोलावतेय. आता तुला म्हणायचं, ते आप्पांचं नाहीये, आणि मग यायचं काय म्हणून? पायरी चढू नकोस म्हणाली होतीस. काहीतरी निमित्त नको का?’

कपातला चहा निवत चालला होता. दादा कधी एवढं बोलायचा नाही. बोलायला लागला तसा तो थांबेना.

‘तुझी वहिनी गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही. बंटी टिटवाळ्याला, त्याचा दिवस फोनवर जातो. संध्याकाळी मी डेपोत जाऊन बसतो, फलाटावर. तिथे आता ओळखीचं कुणी उरलं नाही. नवीन पोरं येऊन विचारतात, आजोबा, कुठली गाडी पाहिजे? पहिल्यांदा मी सांगायचो, मी कंट्रोलर होतो इथे. आता म्हणतो, पेणची. म्हणजे ती पोरं मला बसू देतात, गाडी येईपर्यंत.’

‘मग हे सांगून यायचंस ना.’

‘हे सांगत आलो असतो तर दार उघडलं असतंस?’

विनिताने खरोखर विचार केला. ती दार उघडते आहे आणि दादा म्हणतो आहे, मला करमत नाही, असं तिने डोळ्यांपुढे आणून बघितलं.

‘नाही,’ ती म्हणाली.

‘तेच.’

तो हसला, आणि हसताना थेट आप्पांसारखा दिसला, रेशनकार्डावरच्या. पुठ्ठा त्याने जपून तिच्या हातात दिला.

‘लॉईडला फोन कर. त्याच्या आईला म्हणावं, तुमचे वडील आमच्या आईच्या हातची भाकरी खायचे. बंटीला मी बघतो. बॅनर बदलायला लावतो. नाव लिनोचं वर. खाली आप्पांचं घालायचं तर घाल, काय केलं ते लिहून.’

‘पदर, धाकू तळवडेकर.’

‘हां. तसं.’

 दादाने कप विसळून पालथा घातला, रुमालाने तोंड पुसलं. बाहेर आला, चपला शोधल्या. आज त्या लगेच सापडल्या, कारण दुसऱ्या नव्हत्याच.

‘पुढच्या महिन्यात...’ त्याने सुरुवात केली.

‘पुढच्या महिन्यात दाखवायला माझ्याकडे काही नाही, दादा,’ ती म्हणाली. प्रदर्शन झालं की अंक लॉईडच्या आईसाठी देऊन टाकायचे, नवीन काही सापडलेलं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

‘बरं,’ तो म्हणाला आणि निघाला.

ती दार लावून उभी राहिली. जिन्यात चपलांचा आवाज होत होता. पहिल्या वळणावर तो थांबला, पाटी वाचत असणार. मग पुन्हा आवाज. घरात सोफ्याची बसून चुरगळलेली खोळ, न खाल्लेल्या वड्या, आणि सकाळपासून न लावलेला पंखा. आपण त्याला काय बोललो ते तिला तेव्हा ऐकू आलं. तेराव्याला बोलली होती तेच, फक्त हळू आवाजात.

ती गॅलरीत धावली. दादा फाटकाबाहेर पोचला होता आणि रिक्षासाठी हात करत होता.

‘दादा!’

समोरच्या बिल्डिंगमधली कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. तळवडेकर बाई ओरडतात, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. दादा गोंधळून भलत्याच गॅलरीकडे बघत होता.

‘इकडे, वर! दादा, रविवारी ये!’

‘कुठल्या?’

‘येत्या!’

‘शनिवारी प्रदर्शन आहे ना?’

‘त्याच्या दुसऱ्या दिवशी! रविवारी!’

‘काय आहे रविवारी?’

‘काही नाही!’ विनिताने कठड्यावरून वाकून सांगितलं. तिला रडू येत होतं आणि समोरची बाई बघतेय तर बघू दे, असं झालं होतं. ‘काहीच नाहीये! तू ये!’

रिक्षा येऊन थांबली होती आणि रिक्षावाला भोंगा वाजवत होता. दादाने त्याला थांबायची खूण केली आणि मान वर करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, डेपोतला आवाज काढला.

‘मग जेवायलाच येतो! अकराला पोचतो. भाजीत मीठ घाल!’